ओंडका उघडल्यावर आतलं काळं कसं वाचावं

आमच्या चाळीसमोरचा आंबा गेल्या जूनमध्ये पहिल्याच वादळी पावसात आडवा झाला. पालिकेच्या माणसांनी दोन तासांत फांद्या ट्रकात भरल्या आणि बुंध्याचे चार ओंडके 'उद्या नेतो' म्हणून फुटपाथच्या कडेला लावून ठेवले. संध्याकाळी अर्धी चाळ त्या ओंडक्यांभोवती उभी. कापलेल्या तोंडावर मधोमध काळपट चांदणी होती, पाच टोकांची, आणि तिच्यातून एक भेग आरपार गेलेली. कुणी म्हणालं वीज पडली असणार. कुणाला खात्री होती की झाडाच्या मुळाशी ॲसिड ओतलंय. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी चप्पल काढून हात जोडले. मग खालून हाक आली, "काका, तुम्ही लाकडातले ना? जरा बघा की हे काय आहे."

खाली जाऊन मी त्या काळ्यावर नख दाबलं, वास घेतला आणि विचारलं, "रंगकामाची परांची बांधली तेव्हा ह्याची फांदी कुठली तोडली होती?" चांदणीचं एक टोक बाकीच्यांपेक्षा लांब होतं, थेट सालीकडे गेलेलं, आणि त्याच बाजूला सालीवर बशीएवढा न भरलेला व्रण होता. परांचीच्या बांबूंना आड येते म्हणून तिथली मनगटापेक्षा जाड फांदी उडवली होती. मी स्वतः तेव्हा गॅलरीत चहा पीत उभा होतो आणि काही बोललो नव्हतो.

मी राहतो चिंचपोकळीला. नावातच चिंच आणि पोकळी, त्यामुळे हा विषय माझ्या नशिबातच असावा. 29 वर्षं एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. ओतकामाच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करावा लागतो, तो वाळूत दाबून साचा होतो आणि साच्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड. बीड थंड होताना मीटरमागे सुमारे 10 मिलिमीटर आटतं, म्हणून आमची मापपट्टीच तेवढी मोठी आखलेली असायची. अशा कामात लाकूड केसभर हललं तरी ओतलेला पंपाचा भाग बसत नाही. त्यामुळे फळी हातात घेतली की आधी तिच्यात काय दडलंय ते बघायची खोड लागली. आता रे रोडला ओळखीच्या वखारीत मागचा एक कोपरा भाड्याने घेतलाय, लाकूड फिरवून कोरायची एक छोटी लेथ टाकलीय आणि पडलेल्या झाडांचे वाडगे करतो.

कुठलाही डाग, रेघ किंवा भेग दिसली की मी एकच प्रश्न विचारतो: हे झाड उभं असताना झालं की पडल्यावर? उभ्या झाडात जे झालं ते ओंडक्याच्या लांबीभर आत गेलेलं असतं आणि तुम्हाला त्याच्या मर्जीने कापावं लागतं. पडल्यावर जे झालं ते बहुतेकदा टोकाशी किंवा बाहेरच्या थरात असतं. चार बोटं छाटलं की गेलं. ओंडका घ्यायचा की सोडायचा, कुठून चिरायचा, हे सगळं ह्या एका उत्तरावर ठरतं.

आधी तोंड धुवा

बघायला लागण्याआधी ओंडक्याचं तोंड साफ करा, कारण सगळ्यात वरचं काळं लाकडाचं नसतंच. चेनसॉच्या साखळीला तेल लागतं, ते तंतूंमध्ये पसरतं. शिवाय ओल्या लाकडावर लोखंड घासलं की राखाडी-निळा पट्टा उमटतो, काही झाडांत तर बघता बघता. हे पुसून जात नाही. धारदार पटाशीने तळहाताएवढी जागा दोन-तीन मिलिमीटर खरवडा, गाभ्यापासून सालीपर्यंत एक पट्टा. त्यावर पाणी मारा. कोरडं लाकूड सगळं लपवतं. ओलं केलं की रेघा अशा वर येतात की आपण आत्तापर्यंत काय बघत होतो असं वाटतं.

सोबत असू द्या: पाण्याची बाटली, पटाशी, सहा इंची स्टीलची पट्टी, विजेरी, खडू आणि लाकडी मोगरी. मोगरी ठोकायला. बाजारात मडकं वाजवून घेतो तसा ओंडका वाजवून घ्यायचा. एका टोकाला ठोका आणि दुसऱ्या टोकाला कान लावा. खणखणीत आला तर आत सलग आहे. बद्द आला तर पोकळी, कुजका भाग किंवा मोठी चीर. ताजा, पाण्याने भरलेला ओंडका थोडा बद्दच बोलतो, तेवढी सूट द्या.

एक सांगून ठेवतो. रस्त्यावर पडलेला ओंडका म्हणजे बेवारस माल नव्हे. आपल्याकडे झाड तोडणं 1975 च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली येतं आणि तोडलेल्या लाकडाच्या वाहतुकीचेही नियम आहेत. उद्यान खात्याच्या माणसाला विचारा, सोसायटीतलं असेल तर सेक्रेटरींना. मी विचारलं, दोन ओंडके मिळाले.

काळं कुठे आहे ते पाहा

रंगापेक्षा जागा जास्त सांगते. मधोमध गोल, कडा स्वच्छ आणि सगळीकडे सारखा गडद रंग असेल तर तो बहुतेक झाडाचा पक्का गाभा. शिसवात काळपट जांभळा, पर्जन्यवृक्षात चॉकलेटी, भेंडीच्या झाडात तपकिरी. हा रोग नाही. झाड वाढता वाढता आतल्या जुन्या थरांतून पाणी वाहणं थांबवतं आणि तिथे स्वतःची रसायनं भरून ठेवतं. म्हणूनच गाभ्याला कीड कमी लागते आणि बाहेरच्या पांढऱ्याला लगेच. ताजा सागवान कापला की गाभ्यात हिरवट आणि काळे पट्टे दिसतात, लोक घाबरून वखारवाल्याशी भांडतात. चार दिवस उजेडात ठेवा, हिरवट झाक जाते, सोनेरी तपकिरी होतो. काही काळे पट्टे राहतात, ते सागाचेच.

कडा वेडीवाकडी असेल, चांदणीसारखी टोकं बाहेर आली असतील किंवा गाभ्याच्या एकाच बाजूला डाग असेल, तर मात्र ती जखम. अमेरिकेच्या वनखात्यात ॲलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी झाडं नुसती आडवी न कापता चेनसॉने उभी चिरून पाहिली आणि 1970 च्या दशकात जे मांडलं ते मी फाउंड्रीत असताना ऐकलं असतं तर कितीतरी फळ्या वाचल्या असत्या. आपली कातडी कापली की नवी येते. झाडाचं तसं नाही, ते जखम बरी करत नाही, कोंडून टाकतं. वर-खाली, आत आणि बाजूला रसायनांच्या भिंती घालतं, आणि सगळ्यात भक्कम भिंत घालतं ती त्यानंतर वाढणाऱ्या नव्या लाकडाच्या आणि जुन्याच्या मध्ये. म्हणून जखम झाली तेव्हा झाड जेवढं जाड होतं तेवढ्याच वर्तुळात काळं राहतं. त्याबाहेरचं लाकूड स्वच्छ. आमच्या आंब्यातली चांदणीची चार टोकं गाभ्यापासून साधारण 11 सेंटिमीटरवर थांबली होती, म्हणजे झाड 22 सेंटिमीटर जाड होतं तेव्हाचं काहीतरी. पाचवं टोक परांचीचं.

वर-खालची भिंत सगळ्यात कच्ची असते. म्हणून डाग ओंडक्याच्या लांबीत मीटर-मीटर पळतो आणि दोन्ही तोंडांवर दिसतो. दोन्ही तोंडं तपासा. एका टोकाला मोठा आणि दुसऱ्या टोकाला लहान असेल तर मोठ्या टोकाकडे जखम होती. खालच्या तोंडाला मोठा असेल तर मुळाकडून आलंय. मुंबईत हे फार दिसतं: केबलसाठी खणलेला चर, बुंध्याला घट्ट बसवलेलं काँक्रीट, मुळं तुटतात आणि कूज खालून चढते. बुंध्याशी कधी वाटीसारखी कडक बुरशी दिसली असेल तर आतलं आधीच सांगून झालेलं असतं.

काळं का पडतं? वांगं चिरून ताटात ठेवलं की जे होतं तेच. पेशी फाटल्या, आतल्या रसाला हवा लागली, काळं. झाडात त्यात जंतू आणि बुरशी येऊन मिळतात. पण काळं म्हणजे कुजलं असं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. पटाशीचं टोक टेकवा आणि दाबा. शेजारच्या पांढऱ्या लाकडाइतकंच घट्ट लागलं तर नुसता रंग आहे, खुशाल वापरा. टोक लोण्यात गेल्यासारखं गेलं किंवा तंतू उचकटताना लांब ढलपी न निघता बिस्किटासारखा तुकडा पडला, तर ते गेलेलं लाकूड.

वास घ्यायला लाजू नका. आंबूस, व्हिनेगरकडे झुकणारा किंवा नासलेल्या ताकाचा वास आला आणि तो भाग बाकीच्यापेक्षा जास्त ओला, चकचकीत असेल तर आत जंतूंनी घर केलंय. हे दिसायला साधं वाटतं पण सुकताना सगळ्यात जास्त त्रास देतं: पेशी चेपतात आणि वाढीची वर्तुळं एकमेकांपासून सुटतात. मी असा ओंडका आता घेत नाही.

सालीकडून आत येणारा निळसर-राखाडी रंग, पाचरीसारखा, गाभ्याकडे निमुळता होत गेलेला: ही पडल्यानंतरची बुरशी. बाहेरच्या पांढऱ्या भागातली साखर-स्टार्च खाते, गाभ्याला सहसा शिवत नाही. आंबा आणि रबराच्या लाकडाला ही लागतेच. पावसाळ्यात ओंडका सालीसकट आठ-दहा दिवस पडून राहिला की आत निळी पाचर तयार. ताकदीवर फारसा फरक पडत नाही. पांढरीशुभ्र फळी हवी असेल तर पडल्याच्या आठवड्यात चिरून घ्या, नाहीतर निळं आवडून घ्या. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि प्रत्येकाभोवती काळी कड दिसली तर ते ओल्या लाकडात शिरणारे छोटे भुंगेरे. ते बोगद्यात बुरशी पेरतात आणि तीच खातात. काळी कड त्या बुरशीची. लाकूड सुकलं की मरतात. ज्या भोकातून मैद्यासारखी भुकटी गळते तो किडा वेगळा, तो सुक्या लाकडात राहतो. तो ओंडका घरात नेऊ नका.

निळं-काळं आणि माझे अडीच हजार रुपये

लोखंडाचा डाग वेगळा ओळखायला शिका. मी पैसे भरून शिकलो.

रस्त्याकडेच्या जांभळाचा ओंडका होता. तोंडावर सालीपासून तीन बोटं आत एक ठिपका, शाईसारखा निळा-काळा, आणि त्याची शेपटी वर-खाली गेलेली. बाकी डाग तपकिरी असतात, हा निळ्याकडे झुकणारा. मला दिसला होता. 'असेल काहीतरी' म्हणालो आणि ओंडका आरा मशीनवर चढवला. पातं अर्ध्यात आलं आणि जो आवाज झाला तो अजून कानात आहे. आत सहा इंची खिळा, कधीतरी कुठल्यातरी बोर्डासाठी मारलेला, झाडाने गिळून टाकलेला. पात्याचे अकरा दात गेले. मिलवाल्या शेठनी मशीन बंद केलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "मास्तर, तुम्ही पण?" पात्याचे अडीच हजार मी मुकाट दिले.

ज्यांच्या घरात जुनं बाड आहे त्यांना ही शाई नवी नाही. हिरडा उकळून त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, घातला की काळी शाई होते. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून. जांभूळ, बाभूळ, हिरडा-बेहड्याच्या जातीतली झाडं, ह्या सगळ्यांत ते तुरट द्रव्य भरपूर. खिळा ओलाव्यात गंजतो आणि झाडाच्या आत शाई तयार होत राहते. तेव्हा मुंबईच्या रस्त्यावरच्या झाडात निळं-काळं दिसलं की आत खिळा, तार, दिव्यांच्या माळेचा हूक नाहीतर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या बॅनरचा स्क्रू आहे असंच धरून चाला. डागाच्या शेपटीच्या दिशेने शोधा. पृष्ठभागाजवळ असेल तर चुंबक ओढतं. खोल असेल तर धातू शोधणारं छोटं यंत्र मिळतं, एका पात्याच्या किमतीत येतं. डाग नंतर नकोसा वाटला तर ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने उतरतो. ते विषारी आहे. हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.

मुंबईच्या दारूखाना बंदरात मोडलेल्या जहाजांतून आलेल्या जुन्या सागाच्या फळ्यांत खिळ्याच्या प्रत्येक भोकाभोवती असाच काळा डोळा असतो. लोक आता त्याचेच जास्त पैसे देतात. ह्यावर माझं मत विचारू नका.

चिंचेतला नकाशा

चिंचेचा ओंडका उघडणं हा लॉटरीसारखा प्रकार आहे. मधे जांभळट काळा गाभा, लहानसा, आणि बाहेर रुंद पिवळट पांढरं. त्या पांढऱ्यात कधी कधी अशा काळ्या रेघा निघतात की बारीक निबाने कुणी जुना नकाशा काढलाय: बेटं, खाड्या, सीमा. रेघेच्या एका बाजूला लाकूड पांढरंफेक, दुसऱ्या बाजूला फिकट तपकिरी.

त्या खरंच सीमा आहेत. एका बुरशीने एक प्रदेश घेतला, शेजारी दुसरी आली, आणि दोघींनी आपापल्या हद्दीवर काळी भिंत घातली. आपल्या केसांत जे मेलॅनिन असतं त्याच जातीचं द्रव्य त्या भिंतीत असतं. म्हणून अशी रेघ लाकडाच्या दाण्याला, म्हणजे तंतूंच्या दिशेला, जुमानत नाही, वर्तुळं ओलांडून हवी तशी वळते. हीच तिची ओळख. वर्तुळाबरोबर वळणारी काळी रेघ झाडाची, वर्तुळ तोडून जाणारी बुरशीची.

अशा रेघा मुद्दाम आणता येतात, आणि मुंबईचा पावसाळा त्याला फुकटचा कारखाना आहे. चिंच किंवा आंब्याचा ताजा तुकडा घ्या, साल ठेवा, तोंड जमिनीला टेकवून उभा करा, भोवती ओली पानं आणि त्याच झाडाचा भुसा, वरून गोणपाट. प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका. बुरशीला ओल हवी तशी हवाही लागते. पाण्यात बुडालेलं लाकूड कुजत नाही ते म्हणूनच. दर पंधरा दिवसांनी टोकाची एक चकती कापून बघा. माझ्याकडे आंब्याला साधारण दहा आठवडे लागले, चिंचेला गणपती होऊन दसरा आला. चूक एकच होते, सगळ्यांकडून होते: अजून थोडं थांबू, अजून रेघा येतील. आणि एक दिवस पटाशी आत जाते. पांढऱ्या पट्ट्यात नख रुतायला लागलं त्या दिवशी काढा आणि सुकवा. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली गेला की बुरशी थांबते. थोडा मऊ राहिलेला भाग पातळ फेव्हिक्विक पाजून घट्ट करता येतो, पण खिडकी उघडी ठेवून, डोळ्यांना चांगली झोंबते. आणि असं लाकूड घासताना एन-95 मास्क घाला. भुशात बुरशी असते. मी एकदा नुसता रुमाल बांधून बसलो आणि पंधरा दिवस खोकलो.

भेगा

भेगांसाठी स्टीलची पट्टी आणि विजेरी काढा. भेग कुठे रुंद आहे ते पाहा. गाभ्याच्या मध्यावर रुंद आणि सालीकडे जाताना निमुळती असेल तर ती उभ्या झाडातली. अशा तीन-चार भेगा मधून निघाल्या की चांदणी होते. सालीकडे रुंद आणि मध्याकडे निमुळती असेल तर ती सुकण्याची, पडल्यानंतरची. एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्मं काम झालं.

मग विजेरी लावून भेगेच्या भिंती पाहा. आमच्या आंब्याच्या भेगेत मी पट्टी घातली तर ती चार इंच आत गेली आणि बाहेर आली तेव्हा तिला काळपट चिकट लागलं होतं. भिंती तपकिरी, जुन्या, एका ठिकाणी डिंक वाळून खड्यासारखा झालेला. म्हणजे ही भेग चेनसॉ यायच्या खूप आधीपासून तिथे होती, वादळात डोलताना थोडी थोडी उघडत असणार. ताज्या भेगेच्या भिंती बाकी लाकडाच्या रंगाच्या, स्वच्छ, आणि पट्टी कोरडी बाहेर येते. सागात कधी कधी भेगेत पांढरट, चुन्यासारखा कडक थर सापडतो. तोही उभ्या झाडातलाच, आणि रंध्याच्या धारेचा शत्रू.

भेग गाभ्याकडून सालीकडे न जाता वर्तुळाच्या रेषेने वळत असेल, कांद्याचा पापुद्रा सुटल्यासारखी, तर जपून. ही कडेने दिसते तेवढीच नसते. फळी केल्यावर, कधी लेथवर फिरताना, पापुद्रा अख्खा सुटून येतो. माझ्याकडे एक वाडगा असा दोन भागांत गेला, एक भाग भिंतीवर आपटला. वखारीतला पोऱ्या तेव्हापासून लेथ चालू असली की समोरून जात नाही. वर्तुळाची भेग असलेलं लाकूड लेथवर लावू नका. बारीक काम, हातोड्याचे दांडे, काहीही करा.

तिसरी जात दिसतच नाही. रंधा मारून फळी गुळगुळीत केली की दाण्याच्या आडव्या, केसाएवढ्या, नागमोडी सुरकुत्या उमटतात, कापड चुरगळल्यासारख्या. वाऱ्याने खोड वाकून आतले तंतू चेपले, किंवा पडताना खोड भिंतीवर आदळलं. मे 2021 च्या तौक्ते वादळात पडलेल्या एका गुलमोहरात मला त्या मिळाल्या. खुर्चीचा पाय, शिडी, अंग टेकेल अशी कुठलीही वस्तू ह्या लाकडाची करू नका. वाकायच्या आधी काडीसारखं तुटतं.

सुकण्याच्या भेगा का पडतात ह्याचा हिशोब मी पोरांना असा सांगतो. लाकूड वर्तुळाच्या दिशेने जेवढं आटतं त्याच्या साधारण निम्मं ते गाभ्यापासून सालीच्या दिशेने आटतं. 40 सेंटिमीटर व्यासाचा ओंडका धरा. घेर सुमारे 125 सेंटिमीटर. वर्तुळाच्या दिशेने 8 टक्के आटला तर घेरातून 10 सेंटिमीटर कमी व्हायला हवेत. पण गाभ्यापासून सालीच्या दिशेने ते 4 टक्केच आटल्याने घेर फक्त 5 सेंटिमीटरने लहान होतो. उरलेले 5 सेंटिमीटर कुठून येणार? भेगेतून. एक मोठी पडो नाहीतर दहा लहान. म्हणून अख्खा गोल ओंडका न तडकता सुकवण्याचे जे उपाय कुणीकुणी सांगतात ते ऐकून मी मान हलवतो आणि ओंडका मधोमध चिरतो. दोन अर्धे झाले की ताण सुटायला जागा मिळते. मधलं भेंड, म्हणजे गाभ्याचा अगदी मधला टिंब, दोन बोटं रुंद काढून टाका; ते ज्या फळीत राहील ती फाटेल.

आटणं सुरू होतं ते ओलावा 30 टक्क्यांच्या आसपास उतरल्यावर, आणि टोकांतून पाणी सगळ्यात लवकर जातं. म्हणून कापल्या दिवशीच दोन्ही तोंडांना मेण, ऑइल पेंट किंवा घट्ट फेविकॉलचे दोन हात द्या. दुसऱ्या दिवशी लावलेलं अर्धं वाया. फळ्यांमध्ये एकसारख्या पट्ट्या घालून थप्पी लावा, सावलीत, वारा लागेल अशी. आमच्याकडे पावसाळ्यात उघड्यावरचं सुकं लाकूडही 17-18 टक्के ओलावा धरून बसतं आणि एसीच्या खोलीत 9-10 वर येतं. दादरच्या बैठकीत तडकलेला टीपॉय वखारवाल्याच्या माथी मारण्याआधी हा आकडा आठवा.

घाईने सुकवलेल्या लाकडात आणखी एक फसवणूक असते. फाउंड्रीत एका पंपाच्या नमुन्यासाठी जाड फळी आली होती, बाहेरून निर्दोष, पुरवणाऱ्याचा भट्टीत सुकवल्याचा शिक्काही होता. मी तीन आठवडे काम केलं. आतून कोरायला लागलो तर पटाशीखाली बदामाच्या आकाराच्या पोकळ्या, एकामागोमाग एक, पोळ्यासारख्या. बाहेरचा थर आधी सुकून कडक झालेला, आतला नंतर आटायला लागला, जागा मिळेना, आतच फाटला. वरून काहीच दिसत नाही. जाड फळी घेताना टोकापासून फूटभर आत एक चकती कापायला सांगा. वखारवाला कुरकुरेल, त्याला कुरकुरू द्या.

टोकाला भेगा दिसल्या आणि त्या सुकण्याच्या की जुन्या हे कळेना, तर चार इंच छाटा आणि पुन्हा बघा. सुकण्याची असेल तर बारीक झालेली किंवा गेलेली असेल. तेवढीच रुंद समोर आली तर आणखी छाटत बसू नका, ती दुसऱ्या टोकापर्यंत आहे. तिच्या रेषेतूनच चिरा आणि तिला दोन फळ्यांची कड बनवा.

आमच्या आंब्याचं मी तेच केलं. भेगेच्या रेषेत ओंडका उघडला, भेंड काढलं, एका अर्ध्यातून चांदणीच्या दोन टोकांसकट वाडग्याचा एक ठोकळा घेतला. लेथवर ढोबळ फिरवून भिंत दीड इंच जाड ठेवली, कडांना मेण लावलं. मावशींना त्याच ओंडक्याची एक चकती हवी होती, पाटासाठी. चकती तडकणारच, सांगितलं होतं. तडकली, त्यांनी भेगेत हळदकुंकू भरून देव्हाऱ्याजवळ ठेवलीय.

ओलाव्याचं यंत्र नसेल तर स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. ठोकळा दर रविवारी तोलायचा आणि आकडा तारखेसकट खडूने भिंतीवर लिहायचा. तीन रविवार आकडा हलला नाही की तो त्या खोलीच्या हवेपुरता सुकला. वखारीच्या भिंतीवर गणपतीपासून रांग चाललीय. कालचा आकडा 2 किलो 140, मागच्यापेक्षा 15 ग्रॅम कमी. अजून लेथला लावत नाही.